कितवं पान

फहाहीलच्या मासळीबाजारामागे,
अब्बासच्या टपरीवर, दर गुरुवारी रात्री
आम्ही पाचजण.
कडक चहा, डुगडुगणाऱ्या खुर्च्या
आणि एकच नियम: शेवट सांगायचा नाही.

सुरुवात रुबीना परकारची.
सात खंडांतला पाचवा चालू आहे तिचा.
तिथली राणी सावल्यांवर कर लावते.
सकाळी सगळे कर्जबाजारी, भर दुपारी सगळे सुटलेले.
"म्हणजे आमचा बसस्टॉप," रुबीना म्हणते,
"बारा ते तीन करमुक्त."
पाचव्यात एका सरदाराने सावली विकून टाकलीय,
आता तो घरात शिरला
तरी कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

तांडेलांना पटतच नाही काही.
तीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस.
"एवढा मोठा ड्रॅगन. दिवसाला बोकड किती?
आणतो कोण? उतरवतो कोण?
चारशे पानं झाली, एक पावती नाही."
पण पुढचा भाग कस्टम्समध्ये अडकलाय
तर यांनाच जेवण जात नाही.

मृण्मयी पंधरा वर्षांची.
नकाशा नसलेलं पुस्तक ती उघडत नाही.
डोंगर, दलदल, पडका बुरूज,
आधी बोटाने पायी फिरून येते सगळीकडे,
मग पहिलं प्रकरण.
तू कुठली, असं कुणी विचारलं
तर मात्र बोट हवेतच राहतं तिचं.

मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना नंबर चिकटवते.
वाचते ते लिफ्टमध्ये, फोनवर, तीन-तीन ओळी.
माझी नायिका रमजानपासून
एकाच जिन्यावर उभी आहे.

आणि हमदुले. बाणकोटचे.
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात रात्रपाळी.
त्यांचं पुस्तक कुणी पाहिलेलं नाही.
"कव्हर फाटलंय," म्हणतात, "बाहेर काढवत नाही."

त्यात एक बेट आहे, त्यावर एक जादूगार.
तो खारं पाणी गोडं करतो,
पण प्रत्येक घागरीमागे त्याची एक आठवण
मिठात उतरते.
बेट पोटभर पाणी पितं.
बाहेर मिठाचा ढीग वाढत जातो.
परवा त्याच्या गावाचं नाव गेलं.
विहिरीच्या पायऱ्या मात्र अजून पाठ आहेत, बावीस,
त्यातली सतरावी हलते.

रुबीनाने चहा थंड होऊ दिला त्या रात्री.
तांडेलांनी मीठ किती टन, ते विचारलं नाही.

मी शोधलं ते पुस्तक.
तीन भाषांत शोधलं, सुट्टीवर गेले तेव्हा
जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खाल्ली.
बेट नाही, जादूगार नाही, घागर नाही.
मग हिशेब केला. "कितवं पान?" विचारलं
की ते सांगतात: एकशे अठ्ठ्याण्णव.
पुढच्या गुरुवारी दोनशे पाच.
त्याच्या पुढच्या, दोनशे बारा.
सात रात्री, सात पानं.
वाचणारा माणूस असा वाचत नाही.
एखाद्या रात्री वीस पानं उडवतो,
एखाद्या रात्री तोंडावर पुस्तक ठेवून झोपतो.

कुणाला बोलले नाही.

मग तोज आला, दिवसभर पिवळा अंधार.
अब्बासने अर्धं शटर ओढलेलं.
तांडेल आले नाहीत, मृण्मयीला आईने सोडलं नाही.
रुबीना डोळे चोळत म्हणाली,
"चला, सध्या काय वाचताय? तू आधी."

मी माझ्या जिन्यावरच्या बाईचं नाव घेणार होते.
"हमदुलेंचंच," म्हणाले. "तेच वाचतेय.
त्यांच्या बरीच मागे आहे अजून."

कप ओठांशीच थांबला त्यांचा.
बोटांच्या पेरांवर निळी शाई होती.
बाहेर वाळू शटरवर
कुणीतरी चाळावी तशी पडत होती.

"सावकाश वाच," ते म्हणाले.
"आणि माझ्या आधी पोचलीस तर
शेवट सांगू नको हां."